तीन बॉलवालं स्पायरोमीटर: आप्पांच्या बायपासनंतर अडीच महिने वापरून लिहितेय

आमच्या आप्पांची बायपास झाली मार्चमधे, वय ६८, एसटीत कंडक्टर म्हणून ३१ वर्षं काढली आणि बिडी सोडून १५ वर्षं झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सिस्टरनी एक चिठ्ठी हातात दिली, खालच्या मेडिकलमधून एवढं घेऊन या म्हणून, त्यात पोटाला बांधायचा पट्टा, युरिन पॉट आणि हे तीन बॉलचं स्पायरोमीटर, म्हणजे ऑपरेशननंतर श्वासाचा व्यायाम करायचं यंत्र. २८० रुपयाला मिळालं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण त्याच काउंटरवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांची होती आणि तिन्ही हातात घेऊन बघितली तर ठेवण तीच. पारदर्शक प्लास्टिकच्या तीन उभ्या नळ्या शेजारी शेजारी, प्रत्येकीत एक हलका बॉल, आणि बाजूला घडीची पाईप लावून तिच्या टोकाला माऊथपीस. नळ्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे छापलेले. ज्यांच्या घरी कुणाचं छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन ठरलंय आणि ज्यांच्या हातात ही वस्तू आत्ता पडलीय त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय, कारण आम्हाला पहिले चार दिवस कुणी नीट सांगितलं नाही आणि ते चार दिवस वाया गेले.

पहिली चूक म्हणजे फुंकणं. आप्पा आयसीयूतून वॉर्डात आले, मी माऊथपीस तोंडात दिलं आणि त्यांनी जीव खाऊन फुंकर मारली, फुगा फुगवतात तशी. बॉल हललेच नाहीत. बाजूच्या बेडवरचे काका पण तीन दिवस फुंकतच होते. हे यंत्र आत ओढायचं आहे! आधी साधा श्वास सोडून द्यायचा, मग ओठ गच्च आवळून माऊथपीसमधून हवा आत ओढायची, तेव्हा बॉल वर जातात. पुडक्यात जो कागद असतो त्यावर एवढ्या बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलंय आणि चित्र असं की त्यातून फुंकायचं की ओढायचं ते कळतच नाही. महाराष्ट्रात विकायच्या वस्तूवर मराठीत चार ओळी छापायला किती खर्च येतो, खरंच सांगा. पेशंट म्हातारं, भूल उतरत असलेलं, छातीला टाके, आणि त्याला हे वाचून कळणार कसं?

दुसरी चूक जास्त मोठी आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून केली. ओढायचं हे कळल्यावर आप्पांनी एक झटका मारला आणि पहिले दोन बॉल टक् टक् करून वर आपटले, मग दुसऱ्या दिवशी तिसरा पण. आईनं हात जोडले, भावानं व्हिडिओ काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांचे अंगठे आले, आप्पांना पण हुरूप आला आणि ते दर तासाला तीन झटके मारून तिन्ही बॉल वर आपटायचे आणि यंत्र बाजूला ठेवायचे. सिस्टर पण जाता जाता म्हणायच्या, व्वा आजोबा, तिन्ही गेले की! चौथ्या दिवशी अंगात कसर आली, एक्सरे काढला, तर डाव्या फुफ्फुसाचा तळाचा थोडा भाग मिटून बसलाय असं डॉक्टर म्हणाले. बायपासनंतर हे खूप जणांना होतं, घाबरू नका, पण व्यायाम नीट होत नाहीये, असं म्हणून त्यांनी फिजिओच्या ताईंना बोलावलं.

त्या ताई आल्या आणि पाच मिनिटं नुसतं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही जोर भरपूर लावताय हो, पण हवा आत जातच नाहीये." आणि बेडच्या पाठीशी लावलेल्या कागदाच्या मागे पेननं हिशोब करून दाखवला. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, कारण अख्ख्या यंत्राची मेख त्यात आहे.

नळ्यांवर जे ६००, ९००, १२०० लिहिलंय ते किती हवा आत गेली त्याचे आकडे नाहीत. ते सेकंदाला किती हवा ओढली त्याचे आहेत, म्हणजे वेग. सेकंदाला ६०० सीसी (सीसी म्हणजे मिलीच) वेगानं ओढलं की पहिला बॉल वर जातो, १२०० च्या वेगानं ओढलं की तिसरा. आता आप्पा झटका मारून तिन्ही बॉल वर नेत होते पण ते टिकत होते अर्धा सेकंद. १२०० चा अर्धा म्हणजे ६०० सीसी. एवढी हवा तर माणूस गप्पा मारता मारता सुद्धा घेतो. आणि एकच बॉल वर नेऊन तो तीन सेकंद तसाच वर धरला तर? ६०० गुणिले ३, १८०० सीसी. तिप्पट! तिन्ही बॉल उडवणारा माणूस एक बॉल सावकाश धरणाऱ्यापेक्षा तिप्पट कमी हवा घेत होता आणि आम्ही त्यालाच टाळ्या वाजवत होतो.

"काका, स्ट्रॉनं घट्ट लस्सी ओढतो ना आपण, तसं. सावकाश. एकच बॉल. तो खाली येऊ द्यायचा नाही. आणि पूर्ण भरला की तोंडातून काढा, तीन मोजेपर्यंत श्वास रोखा आणि मग हळू सोडा." आप्पांनी तसं केलं, बॉल अर्ध्यात थरथरत राहिला, आपटला नाही, आणि तिसऱ्याच श्वासाला त्यांना जो खोकला सुटला ना, पाच मिनिटं. छातीशी उशी घट्ट धरून खोकले, आणि घट्ट पिवळा बेडका पडला. ताई म्हणाल्या, हे हवं होतं मला.

हे असं का होतं ते मी नंतर नीट समजून घेतलं, त्यात माझी मुलगी बारावीला, तिच्या बायोलॉजीच्या पुस्तकात फुफ्फुसातल्या हवेचे सगळे आकडे आहेतच. बसल्या बसल्या आपण एका श्वासाला साधारण ५०० मिली हवा आत घेतो आणि तेवढीच सोडतो, त्याला टायडल व्हॉल्यूम म्हणतात, भरती ओहोटीसारखं येणं जाणं. त्याच्या वर जोर लावून अजून २५०० ते ३००० मिली आत घेता येते, ती राखीव जागा, रोजच्या जगण्यात आपण तिला फारसा हातच लावत नाही. साधा श्वास सोडून झाल्यावर पोट आवळून अजून १००० ते ११०० बाहेर काढता येते. ह्या तिन्हींची बेरीज म्हणजे व्हायटल कपॅसिटी. आणि मग कितीही पिळून श्वास सोडला तरी ११०० ते १२०० मिली आतच राहते, ती कधीच बाहेर येत नाही, रेसिड्युअल व्हॉल्यूम. सगळं मिळून धडधाकट तरुण पुरुषाच्या छातीत सहा लिटरच्या आसपास हवा मावते, बायकांच्यात त्यापेक्षा कमी, आणि उंचीप्रमाणे फरक पडतो.

मला आधी वाटायचं ती आत राहणारी हवा म्हणजे शिळी, निरुपयोगी. तसं अजिबात नाहीये. साधा श्वास सोडल्यावर फुफ्फुसात दोन सव्वादोन लिटर हवा शिल्लक असते म्हणून तर श्वास सोडत असताना सुद्धा रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो आणि वायुकोश, म्हणजे फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे, उघडे राहतात, आणि ते थोडेथोडके नाहीत, ३० ते ५० कोटी आहेत. ऑपरेशननंतर नेमका हाच साठा कमी होतो. भूल, दिवसरात्र उताणं पडून राहणं (पोट वर दाबतं आणि छाती नि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा वर सरकतो), टाक्यांच्या दुखण्यानं छाती पूर्ण न फुगवणं, ह्या सगळ्यानं तळाकडचे वायुकोश मिटतात, तिथे कफ साठतो, आणि मग ताप. एरवी माणूस तासाभरात काही वेळा नकळत मोठा सुस्कारा टाकतो, त्यानं ते मिटलेले कोश परत उघडतात. दुखत असताना तो सुस्काराच येत नाही. हे यंत्र म्हणजे तो सुस्कारा मुद्दाम घ्यायला लावणं, एवढंच काम आहे त्याचं, आणि ते करायचं तर वेग नको, भरपूर हवा पाहिजे आणि ती आत थोडी थांबली पाहिजे.

अजून एक हिशोब ताईंनी सांगितला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. नाकापासून खालच्या श्वासनळ्यांपर्यंत साधारण १५० मिली जागा अशी आहे की तिथली हवा रक्तापर्यंत पोचतच नाही, नुसती जाते येते. आता नॉर्मल माणूस ५०० चे १५ श्वास घेतो, मिनिटाला साडेसात लिटर. दुखणारा माणूस २५० चे ३० श्वास घेतो, ते पण साडेसात लिटरच. पण पहिल्यात प्रत्येक श्वासातले ३५० कामाला येतात, १५ गुणिले ३५० म्हणजे सव्वापाच लिटर, आणि दुसऱ्यात फक्त १०० कामाला येतात, म्हणजे तीनच लिटर. आई सारखी म्हणायची, अगं ते भराभर श्वास घेतायत की, मग दम का लागतोय, तर त्याचं उत्तर हे. तिला हा हिशोब समजावून सांगितल्यावर ती स्वतः त्यांच्या शेजारी बसून "सावकाश हो, सावकाश" म्हणायला लागली, आणि ते त्यांनी ऐकलं, माझं ऐकत नव्हते.

तर वस्तू म्हणून तीन बॉलवाल्याबद्दल माझं मत: २८० रुपयात चांगली आहे, हलकी आहे, पेशंटला डोळ्यासमोर काहीतरी हलताना दिसतं त्यामुळे कंटाळा येत नाही, पण ती चुकीच्या गोष्टीसाठी शाबासकी देते. तीन बॉल दिसले की माणसाला तिसरा उडवावासा वाटणारच, आणि आत किती हवा गेली ते ती कधीच सांगत नाही. आमच्यावाल्यात अजून दोन दोष निघाले. आठवड्याभरात नळीत वाफ आणि थुंकी जाऊन मधला बॉल तळाला चिकटायला लागला, तो सुटायलाच जोर लागायचा आणि मग सुटला की एकदम वर, म्हणजे सावकाश ओढायचं सगळं मुसळ केरात. आणि पाईप यंत्राला जिथे बसते तिथली खाच सैल, तिथून हवा आत शिरायची, आप्पा ओढून ओढून दमायचे आणि बॉल हलायचा नाही, मला वाटलं तब्येत बिघडली, शेवटी तिथे चिकटपट्टी गुंडाळली तेव्हा बॉल लगेच वर. अचानक एखाद्या दिवशी बॉल उचलेनासा झाला तर पेशंटच्या आधी पाईप तपासा.

घरी आल्यावर ताईंच्या सांगण्यावरून मी दुसऱ्या प्रकारचं मागवलं, ते ऑनलाइन ८५० ला पडलं. त्यात एकच रुंद नळी, आत पिस्टनसारखी चकती आणि बाजूला मिलीलीटरचे आकडे, २५०० पर्यंत. ओढलं की चकती वर चढते आणि जिथपर्यंत गेली तेवढी हवा खरंच आत गेली, सरळ हिशोब. बाजूला एक छोटी खिडकी आणि त्यात पिवळा तुकडा, तो दोन खुणांच्या मधे तरंगत ठेवायचा, वर गेला म्हणजे घाई होतेय. शिवाय एक सरकती खूण आहे, कालचं टोक तिथे लावून ठेवायचं. आप्पांचं पहिल्या दिवशी १००० ला अडलं. आईनं कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायला सुरवात केली, दुधाच्या हिशोबाच्या खाली. आठवड्यानं १२५०, तिसऱ्या आठवड्यात १७५०, मग दोन आठवडे तिथेच अडकलं आणि आप्पा चिडचिड करायला लागले, मग एक दिवस १९००, आणि आता २२५० ला जातं. माझ्या मते बजेट असेल तर सरळ हेच घ्या, कारण ह्यात स्वतःला फसवता येत नाही. नसेल तर तीन बॉलवालं घ्या पण पहिल्या बॉलवरच लक्ष ठेवा आणि घड्याळ समोर ठेवा. आमच्याकडे आप्पा ओढायचे आणि मुलगी मोठ्यानं सेकंद मोजायची.

मुलीला ह्या सगळ्यात एवढा रस वाटला की तिनं पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनवर पाव पाव लिटरच्या खुणा केल्या, पाणी भरून बादलीत उलटा धरला आणि खालून रबरी नळी घालून एका दमात फुंकलं, जेवढं पाणी खाली गेलं तेवढी तिची व्हायटल कपॅसिटी. २९०० च्या जवळ आली. माझी २५००. हीच युक्ती इंग्लंडमधल्या जॉन हचिन्सन नावाच्या सर्जननं वापरली होती, पाण्यात उलटं ठेवलेलं भांडं आणि दुसऱ्या बाजूला वजन, आणि त्यानं दोन हजारावर माणसांचे श्वास मोजले, खलाशी, पोलीस, आगीचे बंबवाले, आणि १८४६ मधे छापून दाखवलं की माणसाची उंची वाढते तशी ही क्षमता पायरीपायरीनं वाढते. व्हायटल कपॅसिटी हा शब्द पण त्याचाच. (आप्पांना कॅनचा प्रयोग करू दिला नाही, टाके ताजे असताना जोरात फुंकणं बरोबर नाही असं ताईंनी बजावलं होतं.)

ह्या उंचीच्याच मुद्द्यावरून आमची एका ठिकाणी फार चिडचिड झाली, ती पण सांगते. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी जुन्या बिडीमुळे एकदा पीएफटी, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसाची टेस्ट, करून घ्या सांगितलं. एका लॅबमधे गेलो, ११०० रुपये. नाकाला चिमटा, छाती भरेपर्यंत श्वास, मग एकदम जोरात फुंकायचं आणि सहा सेकंद तरी फुंकतच राहायचं, असं निदान तीनदा. लॅबमधला मुलगा समोर बसून मोबाईल बघत "फुंका फुंका" म्हणत होता, बास. खरं तर ह्या टेस्टमधे अर्धं काम समोरच्या टेक्निशियनचं असतं, त्यानं ओरडून ओरडून शेवटचा दम काढून घ्यायचा असतो. रिपोर्ट आला, एफव्हीसी (छाती भरून घेऊन जोरात फुंकल्यावर बाहेर आलेली एकूण हवा) २.३५ लिटर, अपेक्षित आकड्याच्या ७३ टक्के, खाली लिहिलेलं फुफ्फुस आकुंचन पावल्याची शंका. आईचा चेहरा पडला. घरी येऊन मी पानाच्या वरचा कोपरा वाचला तर उंची १७४ टाकलेली. आप्पा १६४ आहेत! अपेक्षित आकडा हा वय, उंची आणि स्त्री की पुरुष ह्यावरून काढतात, उंची दहा सेंटीमीटरनं फुगवली की अपेक्षा फुगते आणि चांगला माणूस आजारी दिसतो. परत गेलो, दुरुस्त करून मागितलं, आधी हुज्जत घातली मग केलं, तेव्हा तेच २.३५ लिटर ८७ टक्के झाले. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आणि एकूण हवा ह्यांचं गुणोत्तर ०.७४ आलं, ०.७० च्या खाली गेलं की श्वासनळ्या अरुंद झाल्याचा संशय घेतात, त्यामुळे तिथे पण दिलासा मिळाला. लॅबचं नाव घेत नाही, पण तुम्ही जाल तेव्हा चपला काढून उंची मोजून घ्या, पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत मोजायला सांगा, आणि रिपोर्टचा वरचा कोपरा तिथेच उभं राहून वाचा.

आणि आकुंचन वगैरे शब्द नुसत्या फुंकायच्या टेस्टवरून पक्का होतच नाही. जी हवा कधी बाहेरच येत नाही ती फुंकून मोजणार कशी? त्यासाठी वेगळी टेस्ट लागते, एक तर हेलियम मिसळलेली हवा श्वासात घ्यायला लावून ती किती पातळ झाली ते बघतात, किंवा काचेच्या बंद केबिनमधे बसवून दाबाच्या फरकावरून मोजतात. मोठ्या हॉस्पिटलात ती सोय असते. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

आता खरं ते सांगायचं तर ह्या यंत्राकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. बायपासच्या पेशंटवर झालेले अभ्यास एकत्र करून कोक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यासांची अशी छाननी करणारी संस्था) तपासले तेव्हा हे यंत्र बाकीच्या श्वासाच्या व्यायामांपेक्षा जास्त फायद्याचं आहे असा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. मला ते पटतं. आप्पांना बरं वाटायला लागलं त्यात सकाळ संध्याकाळ पॅसेजमधे चालणं, खुर्चीत बसून राहणं, उशी धरून खोकणं ह्याचा वाटा मोठा होता. पण आमचे आप्पा नुसतं "खोल श्वास घ्या" म्हटलं की दोनदा घेऊन सोडून देणारे, त्यांच्यासमोर चकती आणि आकडा ठेवला म्हणून ते जागेपणी दर तासाला दहा श्वास घेत राहिले.

वापरताना: ताठ बसून करा, आडवं पडून नाही. दहा श्वास सलग भराभर घेऊ नका, तसं केलं की चक्कर येते, हाताला मुंग्या येतात, दोन श्वासांच्या मधे थोडं थांबा. दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या पाऊण तासानं केलं तर छाती जास्त फुगते, आमच्याकडे त्यानं २०० मिलीचा फरक पडायचा. दम वाढला, ओठ निळसर वाटले किंवा ऑक्सिमीटर खाली गेला तर यंत्र ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. माऊथपीस रोज साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, पाईप झटकून उलटी टांगून वाळवा, आणि एकाचं दुसऱ्यानं वापरू नका. आमच्या शेजारच्या वहिनी त्यांच्या सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी आप्पांचं मागायला आल्या होत्या, मी दिलं नाही, नवीन आणून दिलं आणि पहिला बॉल कसा धरायचा ते त्यांच्यासमोर करून दाखवलं. घेताना दुकानातच पाईप बसवून बघा सैल आहे का, आणि एक जास्तीचं माऊथपीस मिळालं तर घ्या, आमच्या तीन बॉलवाल्याचं पाचव्या आठवड्यात दातानं चिरलं.